मोहर्लीलाच राहा, पण मंगळवार टाळा

डिसेंबरात ताडोबाला जायचंय आणि चंद्रपूरला राहावं की गेटजवळच्या लॉजवर, असा प्रश्न असेल तर लॉजवरच राहा. चंद्रपूरहून मोहर्ली गेट तीसेक किलोमीटर आहे, म्हणजे पहाटेच्या सफारीसाठी मुलांना फारच लवकर उठवावं लागेल. नागपूरकडून येणार असाल तर कोलारा गेट सोयीचं.

उघड्या जिप्सीत थंडी अशी झोंबते की बस्स! कानटोपी, हातमोजे घ्याच. आम्ही लॉजवाल्याकडून दोन ब्लँकेटं मागून नेली आणि शेवटी ती गाइडनेही पांघरली. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाइल वापरायला परवानगी नाही, त्यामुळे फोटोंसाठी कॅमेरा हवा. मंगळवारी उद्यान बंद असतं, बुकिंग करताना हे हमखास विसरतं.

वाघाचं म्हणाल तर पहिल्या फेरीत आम्हाला फक्त पंजाचे ठसे दिसले. रात्रीच्या दवाने ओलसर झालेल्या धुळीत, अगदी ताजे. दुसऱ्या फेरीत सांबराचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा देणारी हाक) आला, गाइडने इंजिन बंद करायला लावलं, अर्धा तास सगळे गप्प. वाघ काही आला नाही, रानकुत्र्यांची टोळी मात्र रस्ता ओलांडून गेली. माझ्या लेकाला अजून तीच आठवते. फक्त वाघच हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये जा, पाणवठ्यांवर शक्यता वाढते. उकाडा सोसायची तयारी ठेवा.