नक्ष-ए-रुस्तमच्या शिल्पांतील घोडे लहान का दिसतात?

चर्चाप्रस्ताव

इराणमध्ये पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीजवळच्या नक्ष-ए-रुस्तम येथील कड्यावर सासानी घराण्याचा सम्राट पहिला अर्दशीर (इ.स. तिसरे शतक) आणि प्राचीन इराणी धर्मातील श्रेष्ठ देव अहुर मझ्द हे दोघे घोड्यांवर समोरासमोर कोरलेले आहेत. देव राजाला सत्तेचे कडे देत आहे. राजाच्या घोड्याखाली पराभूत पार्थियन राजा अर्तबान, तर देवाच्या घोड्याखाली दुष्ट शक्तीचे रूप असलेला अह्रिमन पडलेला आहे. स्वारांच्या मानाने घोडे इतके लहान आहेत, की पाय जवळजवळ जमिनीला टेकतील असे वाटते. काही अभ्यासक याला शिल्पकलेतील रूढ संकेत मानतात. मला मात्र त्यात त्या काळातील खऱ्या घोड्यांचे चित्र दिसते. 1965 मध्ये इराणमधील अश्वपालक लुईस फिरोझ यांना कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेशात खांद्यापाशी जेमतेम सव्वा मीटर उंचीचे, पण बांध्याने पूर्ण घोड्यासारखे घोडे आढळले. प्राचीन शिल्पांतील लहान घोड्यांशी त्यांनी त्यांचे नाते जोडले, आणि ते मला पटते. आपल्याकडे भीमथडीची तट्टेही उंचीने लहानच होती, तरी मराठ्यांच्या दूरच्या मोहिमा त्यांच्या पाठीवरूनच झाल्या. त्यामुळे लहान घोडा म्हणजे दुबळा घोडा, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे.

प्रतिसाद १

भीमथडीचा दाखला मला मान्य आहे, पण तो आपल्याच म्हणण्याच्या विरोधात जातो. मराठा स्वार हलक्या सरंजामानिशी फिरत असे. सासानी स्वाराच्या अंगावर मात्र चिलखत असे, आणि तो लांब भाला घेऊन शत्रूवर थेट चालून जाई. एवढे ओझे पेलत भरधाव धावायला सव्वा मीटरचे तट्टू पुरले असते, हे पटणे कठीण आहे.

त्याहून मोठा पुरावा खुद्द अर्दशीरच्याच दुसऱ्या शिल्पात आहे. फिरोझाबादजवळच्या घळीत इ.स. 224 च्या विजयाचा सुमारे 18 मीटर लांबीचा शिल्पपट आहे. त्यात अर्दशीर अर्तबानाला आणि राजपुत्र शापूर शत्रूच्या वजिराला भाल्याने घोड्यावरून उलथवत आहेत. तेथील घोडे चारही पाय ताणून उडत असल्यासारखे कोरलेले असून त्यांची शरीरे लांबलचक आहेत. राजा तोच असताना नक्ष-ए-रुस्तमला त्याचा घोडा आखूड व ठेंगणा होतो, कारण तेथे प्रसंग लढाईचा नसून राज्यदानाचा आहे आणि दोन्ही स्वारांच्या मुद्रा ठळकपणे दिसणे आवश्यक आहे. शिवाय देवाचा घोडाही राजाच्या घोड्याएवढाच आहे. देवाचे वाहन कोणत्या तबेल्यातून मोजून आणले होते?

प्रतिसाद २ (प्रस्तावकाचे उत्तर)

देवाच्या घोड्याचा मुद्दा वजनदार आहे. तो मी खोडू शकत नाही. तरीही शिल्पकाराने डोळ्यांसमोरचा घोडा पूर्णपणे बाजूला ठेवला, असे मला म्हणवत नाही. पर्सेपोलिसच्या अपादाना या दरबारमहालाच्या जिन्यावरील शिल्पांत खंडणी व भेटी घेऊन येणाऱ्या प्रतिनिधींबरोबर हाताने धरून आणलेले घोडे आहेत. तेथे स्वार नाही, म्हणजे स्वाराला मोठे दाखवण्याची गरजही नाही. तरी लिडियन (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) मानल्या जाणाऱ्या प्रतिनिधींच्या रथाचे घोडे माणसांशेजारी लहानच दिसतात.

प्रतिसाद ३

अपादानाचा उल्लेख झाला हे बरे झाले, पण त्या शिल्पांत आणि सासानी शिल्पांत सुमारे सात शतकांचे अंतर आहे. शिवाय इराणी घोडा म्हणजे एकच जात नव्हे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिडिया या प्राचीन इराणी प्रांतातील निसाई मैदानातले घोडे मोठे असल्याचे लिहिले आहे. तेव्हा लहान आणि मोठे असे दोन्ही घोडे त्या भूमीत होते. शिल्पात कोणता आला, हे प्रत्येक शिल्पासाठी स्वतंत्रपणे तपासावे लागेल. पश्चिम इराणमधील ताक-ए-बोस्तान येथील, खडकात कोरलेल्या मोठ्या कमानीतला, पुढच्या अर्ध्या अंगावर बख्तर ल्यालेला घोडा पाहा; तो भक्कम असून स्वाराच्या प्रमाणात आहे. मात्र तो अर्दशीरनंतर बऱ्याच काळाने, सासानी सत्तेच्या उत्तरार्धात घडवला गेला. त्यामुळे त्याच्या आधारे अर्दशीरच्या घोड्याची उंची ठरवता येणार नाही, आणि पहिल्या प्रतिसादकांनीही तसा प्रयत्न करू नये.