एसक्यूलाइट: बाइंड केलेल्या नावाचा कचरा होतोय, सगळीकडे ट्रान्झियंट लावू का?

दूधकाटा:
मंडळी, गावातल्या दूध संकलन केंद्राचा प्रोग्राम आता माझ्या गळ्यात आलाय. सीमध्ये लिहिलेला, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतो, डेटाबेस एसक्यूलाइट. दर नोंदीला सभासदाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅटशिवायचा घन भाग). केंद्रावर सगळं सुरळीत आहे. घरी लॅपटॉपवर ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड केला की आकडे बरोबर पडतात, नावाच्या जागी मात्र चौकटी आणि प्रश्नचिन्हं!

एका फंक्शनमध्ये ६४ बाइटचा लोकल ॲरे आहे. नाव त्यात वाचून तिथेच बाइंड_टेक्स्ट केलंय (एसक्यूएल स्टेटमेंटमधल्या पॅरामीटरला, म्हणजे रिकाम्या जागेला, जोडलंय) आणि फंक्शन संपतं. स्टेप, म्हणजे स्टेटमेंट प्रत्यक्ष चालवणं, बाहेरच्या लूपमध्ये. बाइंडचं पाचवं आर्ग्युमेंट (दिलेली मेमरी कशी सांभाळायची ते सांगणारं) ० आहे. तिथे ट्रान्झियंट (म्हणजे एसक्यूलाइटने स्वतःची कॉपी करून ठेवावी) लावा असं एकाने सुचवलं, पण दर वेळी कॉपी म्हणजे पायवर ताण नाही का येणार?

जुना_पॉइंटर:
तो ० म्हणजे 'काही नाही' असं समजून बरेच जण टाकतात. तो ० हाच स्टॅटिक आहे, हेडर उघडून बघा. स्टॅटिक म्हणजे तुम्ही एसक्यूलाइटला शब्द दिलात की त्या पॅरामीटरला दुसरं काही बाइंड होईपर्यंत किंवा स्टेटमेंट फायनलाइझ (कायमचं बंद) होईपर्यंत ही मेमरी जागेवर राहील. तुमचा ॲरे फंक्शनबरोबरच गेला. स्टेपने त्याच स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीवर) आपला संसार थाटला आणि मग तिथून नाव वाचलं. आकडे वाचतात, कारण बाइंड_इंट आणि बाइंड_डबल किंमतच उचलतात, पत्ता नाही.

केंद्रावर चालतंय त्याचं कारण बहुधा असं, की ऑप्टिमायझरने ते छोटं फंक्शन लूपमध्येच इनलाइन केलं (त्याचा कोड तिथेच उतरवला) आणि ॲरे योगायोगाने शाबूत राहिला. कंपायलर बदलला की तिथेही बोंब होईल. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून, रिटर्ननंतरचा स्टॅक-वापर तपासायचा पर्याय चालू करून एकदा पळवा.

आणि कॉपीची काळजी सोडा. ६४ बाइटची मेमकॉपी कुठे आणि एसडी कार्डवरचा कमिट (बदल पक्के लिहिणं) कुठे! दर नोंदीला वेगळं ट्रान्झॅक्शन होत असेल तर खरा वेळ तिथे जातोय. फाइलमधून भरताना बिगिन-कमिटमध्ये गुंडाळा, ट्रान्झियंट बिनधास्त लावा.

रांगडा_कोडर:
कॉपीच नको असेल तर सोपं आहे की राव. ॲरे ग्लोबल करा, लूपच्या आधी एकदाच स्टॅटिकने बाइंड करा, मग नुसता मजकूर बदलत राहा आणि स्टेप-रीसेट, स्टेप-रीसेट (रीसेट म्हणजे स्टेटमेंट पुन्हा चालवायला तयार करणं).

जुना_पॉइंटर:
इथेच माणूस फसतो. लांबी -१ दिली ('शेवटच्या शून्य बाइटपर्यंत तूच मोज') तरी एसक्यूलाइट ती बाइंडच्या क्षणी मोजून ठेवतं, स्टेपला नाही. पहिला सभासद 'सखाराम': ६ कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. पुढचा 'ज्ञानेश्वर', ३० बाइट. पण नोंद होणार पहिल्या १८ बाइटची, म्हणजे 'ज्ञाने'. वर कुठेही एरर नाही. बिल निघेल तेव्हा ज्ञानेश्वर येऊन विचारतील. ग्लोबल ॲरे ठेवा हवं तर, पण दर ओळीला बाइंड करा.

तसंच चौथ्या, म्हणजे लांबीच्या, आर्ग्युमेंटमध्ये अक्षरं मोजून देऊ नका. बाइट लागतात, आणि देवनागरीत दर कोडपॉइंटला ३.

दूधकाटा:
काका, पटलं. ट्रान्झियंट लावल्यावर नावं सरळ आली. आता सभासदाचा फोटोही ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून टाकायचाय, मॅलॉकने मेमरी मागून त्यात वाचतो. तिथेही ट्रान्झियंटच?

जुना_पॉइंटर:
तिथे नको, एकच फोटो दोनदा मेमरीत कशाला? पाचव्या जागी सरळ फ्री (मेमरी सोडणारं फंक्शन) द्या. मग मालकी एसक्यूलाइटची. बाइंड फसलं तरी फ्री तेच बोलावतं, म्हणून एररच्या फांदीत आपण पुन्हा फ्री केलं तर डबल फ्री. अपवाद दोन: पॉइंटर नल असेल किंवा लांबी ऋण असेल तर ते बोलावलं जात नाही. ब्लॉबला ऋण लांबी द्यायचीच नाही म्हणा, तिथे -१ चा लाड चालत नाही.

रीसेटने बाइंडिंग जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या. स्टेटमेंट दिवसभर उघडं ठेवलंत तर शेवटचा फोटो दिवसभर मेमरीत बसून राहील. रीसेटनंतर क्लिअर_बाइंडिंग्ज बोलावलं की सुटतो.

रांगडा_कोडर:
मी रीसेटनंतर एक्सपांडेड_एसक्यूएल (किमती भरलेलं एसक्यूएल) घेऊन लॉग लिहितो. स्टॅटिक असेल तर त्यालाही हाच धोका?

जुना_पॉइंटर:
हो. ते बाइंड केलेल्या किमती तेव्हाच वाचतं, त्यामुळे बफर आधीच सोडला असेल तर कचरा लॉगमध्ये, क्रॅश झाला तर तोही तिथेच. आणि क्लिअर_बाइंडिंग्जनंतर घ्याल तर सगळीकडे नल दिसेल. लॉग आधी, साफसफाई मागून.