मदत हवी आहे: बाबांच्या फोनवर प्रवासाची आणि करमणुकीची कोणती ॲप ठेवावीत?

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते, कारण नुसतं 'चांगली ॲप सुचवा' म्हटलं तर माझा प्रश्न सुटणार नाही.

माझे बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. दोघं मुलुंडला राहतात, मी भांडुपला. बाबांचं लहानपण गिरगावात गेलेलं, त्यामुळे दर गुरुवारी बाबांची तिकडे फेरी असते. चाळीतले चार जुने मित्र साहित्य संघाच्या आसपास जमतात, चहा होतो, गप्पा होतात आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत बाबा परत निघतात. गेल्या दिवाळीत मी त्यांना चांगला स्मार्टफोन घेऊन दिला. ते त्यात इतके रमले की मला फार बरं वाटलं. कुठे जाहिरात दिसली की ॲप उतरवायचं, दोन दिवस वापरायचं आणि मला फोन करून सांगायचं, "अगं, यात प्रवासावर पॉइंट मिळतात", "यात नाटकं आहेत". मी मोजली तेव्हा फोनवर प्रवास, कूपन आणि करमणूक मिळून ३१ ॲप होती.

त्यातल्या एका 'ट्रॅव्हल क्लब' प्रकारच्या ॲपने पहिला महिना १ रुपयात दिला. हॉटेलवर सूट, विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश, सिनेमाची तिकिटं, असं बरंच काही त्यात होतं. बाबांनी १ रुपया भरला, यूपीआयचा पिन टाकला. पुढच्या महिन्यात ४९९ कापले गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा ४९९. बाबांना कळलं होतं, पण त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नाही. आईने पासबुक भरून आणलं तेव्हा उघड झालं.

तेव्हापासून फोन कपाटात. तिकिटासाठी पुन्हा खिडकीवर रांग. गुडघा दुखतो म्हणून दोन गुरुवार गेलेच नाहीत, आणि आई म्हणते, गुडघा हे निमित्त आहे. ९९८ रुपयांचं मला एवढं वाटत नाही. नवीन काही करून बघायची त्यांची हौस अशी एका फटक्यात विझावी, हे मला सहन होत नाहीये.

मी रविवारी बसून ती सगळी ॲप उघडून पाहिली. एकात रोज चालल्याबद्दल नाणी मिळतात. बाबांनी तीन महिने इमानाने चालून २,३०० नाणी जमवली होती. त्यांची किंमत ५० रुपये, आणि तीही दीड हजाराच्या वर हॉटेल बुक केलं तर. लाउंजची सवलत आधीच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च झाला असेल तरच लागू, आणि बाबा शेवटचं विमानात बसले २०१९ साली. दोन ॲपना संपर्कयादी आणि एसएमएस दोन्ही वाचायची परवानगी दिलेली होती. बसचं तिकीट देणाऱ्या ॲपला माझ्या आईचा नंबर कशाला हवा?

मला हे विचारायचं आहे: ॲप काढून टाकलं तर पैसे कापणं थांबतं का? मुलुंड ते गिरगाव या प्रवासात खरोखर उपयोगी अशी कमीत कमी ॲप कोणती? गणपतीला दोघांना कुडाळला जायचंय, ते तिकीट बाबांना स्वतः काढायचंय, तर काय काळजी घ्यावी? आणि गाडीत ऐकायला मराठी काही, शक्यतो फुकट, आणि रेंज गेली तरी चालू राहील असं?

आगाऊ आभार.

*

बँकेतली:

ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. ॲप काढून टाकल्याने पैसे कापणं थांबत नाही. १ रुपया भरताना पिन टाकला तेव्हा बाबांनी 'ऑटोपे'ची संमती दिली. ती संमती बँकेकडे आणि यूपीआयकडे जिवंत राहते, ॲप फोनवर असो वा नसो.

ज्या यूपीआय ॲपमधून पैसे भरले ते उघडा. प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा भाग असतो, तिथे चालू असलेल्या संमती दिसतात. ती निवडून रद्द करा, पुन्हा पिन मागेल. मग प्ले स्टोअरमध्येही 'सबस्क्रिप्शन' पाहा. ही दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि माणसं एकच तपासतात.

अशा ठरलेल्या वसुलीत १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी वेगळा ओटीपी किंवा पिन लागत नाही, म्हणून ती गुपचूप झाल्यासारखी वाटते. मात्र पैसे कापायच्या २४ तास आधी कळवण्याचा नियम आहे. बाबांचे जुने एसएमएस चाळा, शंभर जाहिरातींच्या मधे तो संदेश असेल.

इथे पिन त्यांनी स्वतः टाकलाय, त्यामुळे बँकेत फसवणुकीची तक्रार टिकणं अवघड. पण '१ रुपयात' असं मोठ्या अक्षरात आणि '४९९' बारीक अक्षरात, बाहेर पडायची वाट सापडणार नाही अशी, याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव आहे. 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे, १३ प्रकार दिलेत, त्यात वर्गणीचा सापळा आहे. आधी ॲपच्या ग्राहकसेवेला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. मराठीत बोलता येतं. कोणी ओटीपी काढून घेतला किंवा लिंक पाठवून पैसे उडवले तर मात्र वेळ न घालवता १९३०.

रोजचा प्रवासी:

मी ठाणे-सीएसएमटी गेली बावीस वर्षं करतोय. तुमच्या बाबांसाठी माझ्या मते तीन पुरे.

पहिलं रेलवन. रेल्वेने १ जुलै २०२५ ला आणलं. लोकलचं तिकीट, फलाट तिकीट, लांबच्या गाडीचं आरक्षण, सगळं एकात. आर-वॉलेट म्हणजे त्यातलंच आगाऊ पैसे भरून ठेवायचं पाकीट, त्यातून लोकलचं तिकीट काढलं तर ३ टक्के सूट आहे. दहा रुपयांवर तीस पैसे, त्यासाठी कोणी ॲप घेऊ नये. मुलुंडच्या खिडकीवरची रांग वाचते, गुडघेदुखीवाल्याला ती लाखमोलाची. बाबांना दोन गोष्टी पक्क्या सांगा: तिकीट घरातून निघण्याआधी काढायचं, फलाटावर जाऊन काढायला गेलं तर निघत नाही. आणि फोनची बॅटरी संपली, टीसीला तिकीट दाखवता आलं नाही, तर विनातिकीट धरतात.

दुसरं एम-इंडिकेटर. लोकलचं वेळापत्रक नेट नसतानाही उघडतं, रविवारचा मेगाब्लॉकही कळतो.

तिसरं चलो, बेस्टची बस कुठवर आली ते बघायला. मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ झालंय, तरी स्थानकापासून दोन स्टॉप जायला रिक्षापेक्षा बस बरी.

आता एक आगाऊ सूचना. बाबा दादरला उतरून पूल चढून चर्नी रोड करत असतील तर ते सोडायला सांगा. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे. मुलुंडहून थेट सीएसएमटी गाठायचं, तिथून मेट्रोने काळबादेवी आणि मग गिरगाव, म्हणजे दोनच स्थानकं. सरकते जिने, लिफ्ट, बसायला जागा. लोकल, मेट्रो, बस सगळ्यांचं तिकीट एकत्र देणारं मुंबई वन नावाचं ॲपही त्याच महिन्यात आलंय, अकरा परिवहन सेवा त्यात आहेत. पण सुरुवातीलाच नको. मेट्रोसाठी एनसीएमसी, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घेऊन द्या, टेकवलं की झालं. थोडेच पैसे भरून ठेवायचे.

पार्ल्याची:

राग मानू नका, पण या वयात बटणांचा साधा फोन द्यावा. माझ्या सासऱ्यांना आम्ही तोच दिला. डोक्याला ताप नाही.

धागाकर्ती:

पार्ल्याची, राग नाही. पण मला ते पटत नाही. बाबा ४० वर्षं छापखान्यात होते. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत प्रत्येक नवीन यंत्र ते स्वतः शिकले. एका ॲपने फसवलं म्हणून फोनच काढून घेतला तर चूक त्यांची होती असं मी त्यांना सांगितल्यासारखं होईल.

बँकेतली, एक उपप्रश्न. यूपीआय सर्कल म्हणून काही आहे, त्यात माझ्या खात्यातून ते पैसे देऊ शकतात आणि मी मर्यादा घालू शकते, असं वाचलं. ते लावू का?

बँकेतली:

लावता येतं. एका प्रकारात तुम्ही महिन्याची मर्यादा ठरवून देता, जास्तीत जास्त १५,०००. दुसऱ्यात त्यांच्या प्रत्येक खर्चाला तुम्ही तुमच्या पिनने मंजुरी देता. सुरक्षित आहे, पण वडिलांना चहाच्या पैशांसाठी लेकीच्या मंजुरीची वाट बघायला लावू नका, असं माझं मत. त्यापेक्षा त्यांच्याच नावावर दुसरं बचत खातं काढा, यूपीआय फक्त त्याला जोडा आणि पेन्शनचं खातं यूपीआयपासून पूर्ण वेगळं ठेवा. नव्या खात्यात महिन्याला दोन हजार. काही चुकलं तरी नुकसान तेवढंच, आणि पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा.

कोकणकडा:

कुडाळच्या तिकिटाबद्दल. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात ठेवून काही जण अजून गोंधळतात. गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवली. पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६० च्या पुढे, बायका ४५ च्या पुढे. यात लोक चुकतात ते असं: एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त प्रवासी असले किंवा बरोबर तरुण माणूस असला तर हा कोटा लागत नाही. आईबाबांचं तिकीट दोघांचंच काढा, तुमचं वेगळं. तत्काळ करायची वेळ आली तर आधार जोडणी आधीच करून ठेवा, जुलै २०२५ पासून त्याशिवाय निघत नाही. एसीसाठी सकाळी १०, विनाएसीसाठी ११. ४५ पैशांचा प्रवास विमा ऐच्छिक असतो, तो मात्र मी नेहमी घेतो.

आणि एसटी विसरू नका. बाबांना ६५ ते ७५ मधली निम्मी सवलत आहे, ७५ झाले की राज्यात प्रवास मोफत. आईंना महिला म्हणून अर्धं तिकीट. कुडाळला उतरल्यावर गावोगावी फिरायला ओळखपत्र एवढंच लागेल. नाणी जमवावी लागत नाहीत.

पार्ल्याची:

तुमचं छापखान्याचं वाचलं. बोलले ते मागे घेते. ऐकण्यासाठी सांगते: न्यूज ऑन एअर ॲपवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आणि विविध भारती फुकट लागते. प्रसार भारतीचं वेव्हज आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. पण थेट प्रसारणाला नेट लागतं, भुयारात काही खरं नाही. वाचायला ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं मोफत उतरवता येतात, अक्षर मोठं करून वाचता येतं. पॉडकास्टचे भाग आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

*

धागाकर्ती:

उशिरा लिहितेय, क्षमस्व. सगळ्यांचे मनापासून आभार.

ऑटोपे उघडलं तर एक नाही, दोन संमती जिवंत होत्या. दुसरी एका गाण्यांच्या ॲपची, ९९ रुपयांची, पुढच्या महिन्यात सुरू होणारी. दोन्ही बाबांनी स्वतः रद्द केल्या, मी फक्त शेजारी बसले होते. १९१५ वर तक्रार केल्यावर नवव्या दिवशी एका महिन्याचे ४९९ परत आले, दुसऱ्याचं उत्तर अजून नाही. वेगळं खातं उघडलं. ३१ पैकी २५ ॲप काढली. कोणती राहणार ते बाबांनी ठरवलं. चालण्याची नाणी देणारं त्यांनी ठेवलंय, फक्त त्याच्या परवानग्या काढून घेतल्या. त्यांना रोज किती पावलं झाली ते बघायला आवडतं.

गेल्या गुरुवारी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी तिकीट काढलं, दोन वेळा मला वाचून दाखवलं आणि निघाले. साडेअकराला फोन आला, मागे मित्रांचा आवाज होता. मेट्रोचं गिरगाव स्थानक ते चाळ किती पावलं, ते त्यांनी मला मोजून सांगितलं.

आता बाबांचाच एक प्रश्न. त्यांच्याकडे नाट्यसंगीताच्या ४० कॅसेट आहेत, त्यातल्या बऱ्याच आजोबांनी चाळीतल्या गणेशोत्सवात ध्वनिमुद्रित केलेल्या. त्या फोनवर घेता आल्या तर रेंजचा प्रश्नच राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कॅसेट प्लेअर चालू आहे, पण दोन-तीन फिती चिकटल्यासारख्या वाटतात, त्या लावायचा धीर होत नाही. हे काम मुंबईत कोणी काळजीपूर्वक करून देतं का? की घरी वायर जोडून करता येईल? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.