विषय: प्रेस नोट आणि पोस्ट, माझ्या प्रोजेक्टबद्दल थोडं विचारायचंय

नमस्कार मंडळी,

मी जनसंपर्काच्या म्हणजे पीआरच्या कोर्सला शेवटच्या वर्षाला आहे. मंडळाने स्टेम सेल दात्यांची (म्हणजे रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात रुग्णाला रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी द्यायला तयार असणाऱ्यांची) नोंदणी ठेवली होती तिच्या प्रसिद्धीचं काम कमिटीने माझ्यावर सोपवलं होतं आणि तोच माझा वर्षाचा प्रोजेक्टही आहे. आता रिपोर्ट लिहायला घेतलाय, पण जे झालं ते आधी तुमच्यासमोर मांडावंसं वाटतंय, कारण त्यातलं निम्मं काम तुम्हीच केलंत.

कोर्सला सुरुवातीलाच आयव्ही ली हे अमेरिकेतले सुरुवातीचे जनसंपर्क सल्लागार शिकवतात. १९०६ साली अमेरिकेत रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा यांनी कंपनीला सांगितलं की लपवू नका, पत्रकारांना बोलवा आणि काय झालं ते लेखी द्या, प्रेस नोटची सुरुवात तिथून झाली असं मानतात. बरोबर शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, टॉम फोरेम्स्की नावाच्या पत्रकाराने ही प्रेस नोट एकदाची मरू दे असा जळजळीत लेख लिहिला. त्याचं म्हणणं, विशेषणं आणि साहेबांची ठरीव वाक्यं नकोत, माहिती वेगळी द्या, कोण काय म्हणालं ते वेगळं द्या, लिंका द्या, बातमी माझी मी लिहीन. त्यावर त्याच वर्षी टॉड डेफ्रेन या पीआरवाल्याने सोशल मीडिया रिलीजचा, म्हणजे अशा सुट्या भागांच्या प्रेस नोटचा, नमुना काढला. हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही पहिल्या फेरीत मी एकच पानभर मजकूर लिहिला, त्याची पीडीएफ करून साप्ताहिकाला आणि रेडिओला मेल केली, तोच फेसबुकवर चिकटवला, त्याचाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि तोच व्हॉट्सॲपवर फिरवला. साप्ताहिकाकडून उत्तर नाही, रेडिओकडून नाही, पोस्टला लाइक आले ते सगळे ओळखीच्यांचे, आणि पहिल्या शनिवारी टेबलाशी आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्या शनिवारी मी टेबलापाशीच बसून होते. एक मुलगी आली, विशीतली, फॉर्म भरला, जुळणी तपासायला गालाच्या आतून फिरवायची ती काडी हातात घेतली आणि तेवढ्यात तिला आईचा फोन आला. बाहेर जाऊन पाच मिनिटं बोलली, परत आली, काडी होती तशी पाकिटात ठेवली आणि म्हणाली, "आई म्हणतेय पाठीच्या कण्यातून काढतात, नंतर आयुष्यभर त्रास होतो. आत्ता नको." मला तिथे कळलं की माझ्या पोस्ट ज्यांच्यापर्यंत पोचत होत्या ते नोंदणी करणारे होते, पण त्यांना हो म्हणणारं माणूस घरात वेगळं होतं. दाते तरुण लागतात आणि ते फोनवर असतात. त्यांचे आईवडील साप्ताहिक वाचतात, गाडीत रेडिओ लावतात, आणि छापून आलेल्या शब्दावर त्यांचा जास्त विश्वास असतो. आणि हा निर्णय ते सगळे मिळून एकाच घरात घेतात.

म्हणून दुसऱ्या फेरीत कामं वाटून दिली. रील आणि पोस्ट मुलांसाठी, त्यात फक्त कुठे यायचं, किती मिनिटं लागतात आणि काडी कशी फिरवायची हे. पेपर आणि रेडिओ आईवडिलांसाठी, त्यांचा प्रश्न एकच, माझ्या लेकराला काही होणार नाही ना. पण त्यांचे नेमके प्रश्न मला मिळाले ते पोस्टखालच्या कमेंटमध्येच! हाड पोखरतात का, बेशुद्ध करतात का, मुलगी असेल तर पुढे मूल व्हायला अडचण येते का. मी ते सगळे वहीत उतरवले, रजिस्ट्रीच्या, म्हणजे दात्यांची यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टरांना दाखवले, आणि त्यांची उत्तरं हाच दुसऱ्या प्रेस नोटचा गाभा झाला. बहुतेक वेळा हातातूनच रक्त घेतात, मशीन त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त परत शरीरात जातं, त्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. हाडातून घ्यायची वेळ आलीच तर भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात, कण्याला हात लावत नाहीत. रुग्णाच्या पेशी सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून बाहेरचा दाता शोधावा लागतो, आणि तो आपल्याच वंशाच्या माणसांत सापडायची शक्यता जास्त असते.

यावेळी मेल न करता संपादकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात माणूस कोण आहे?" आपल्यातले एक दादा पूर्वी दाते होते, ते बोलायला तयार झाले. आतल्या पानावर दोन कॉलम बातमी आली, तिची लिंक मी व्हॉट्सॲपवर टाकली, आणि पुढच्या नोंदणीला आया स्वतः मुलांना घेऊन आल्या.

आता प्रश्न. बातमी चोख होती पण मथळ्यात नेमकं "मणक्यातून" छापलं गेलं. मी ताबडतोब फोन केला, वेबसाइटवर त्यांनी तासाभरात बदललं, छापील दुरुस्ती पुढच्या अंकात आली. मधल्या वेळात मी बरोबर माहितीची पोस्ट टाकली पण पेपर चुकला असं कुठे लिहिलं नाही. दोघातिघांचं म्हणणं पडलं की चूक उघड दाखवायला हवी होती. तुम्हाला काय वाटतं?

*

विषय: रि: प्रेस नोट आणि पोस्ट

अगं, तू केलंस ते योग्यच केलंस. मी उभं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलंय म्हणून सांगतो. मथळा बातमीदार देत नाही, उपसंपादक देतो, तोही पान सोडायच्या घाईत आणि मोजक्या अक्षरांत बसवायचा म्हणून. "अस्थिमज्जा" (हाडातला मगज) हा शब्द लांब वाटला असेल, "मणका" बसला असेल. तुझ्या बातमीदाराला चारचौघांत नावं ठेवली असतीस तर ज्याने तुझं काम मनापासून केलं त्यालाच लागलं असतं आणि चूक त्याची नव्हतीच. आधी फोन, मग वेबसाइट, मग छापील दुरुस्ती, हाच क्रम. आणि पुढच्या वेळी प्रेस नोटच्या वरच एक सुचवलेला मथळा दे, छोटा, बरोबर शब्द असलेला. घाईतला माणूस समोर असलेलं उचलतो.

> यावेळी मेल न करता संपादकांना फोन केला

हे चांगलं केलंस पण वेळ बघून करत जा बाळा. अंक छपाईला जायच्या दिवशी फोन केलास तर कोणी धड बोलणार नाही, अंक गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत ऐकतील. दर अंकाचा हा वार वेगळा असतो तो वहीत लिहून ठेव, पोस्ट तू मध्यरात्री टाकलीस तरी चालते, पानाला वेळ असते. आणि लिंक टाकलीस ते फार बरं केलंस, लोक पानाचा फोटो काढून फिरवतात, मग छोट्या अंकाला वाचक मिळत नाही आणि दुरुस्ती झाली तरी फोटोत जुना मथळाच राहतो. तुझ्या बाबतीत तर हे नुसतं शिष्टाचाराचं राहिलं नसतं.

*

विषय: रि: रि: प्रेस नोट आणि पोस्ट

नमस्कार, मी एरवी इथे फक्त वाचते पण आज लिहिते. ते "कण्यातून काढतात" कुठून आलं ते मला माहितीय. आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आवाजातला मेसेज फिरत होता, कुणाचा माहीत नाही, अगदी आपुलकीने बोलणारी बाई, "बघा हं, मुलांना पाठवू नका." तो ना फेसबुकवर होता ना पेपरात त्यामुळे तुला तो दिसायचा प्रश्नच नव्हता. मी आधी तुझी पोस्ट तिथे टाकली तर एकीने लिहिलं मंडळ आपल्या कार्यक्रमाबद्दल चांगलंच बोलणार ना. मग बातमी आली तिची लिंक टाकली, त्यावर कोणी काही बोललं नाही आणि दोघींनी मला वेगळा फोन करून वेळ विचारली. म्हणजे तिसऱ्या कुणीतरी तपासून छापलंय याला किंमत आहे, पण ते आमच्या ग्रुपपर्यंत कुणीतरी आतल्याच माणसाने न्यावं लागतं. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या आवाजात, मराठीत, मिनिटभराचा मेसेज करून दे, मी फिरवते. आणि ती काडी ठेवून गेलेली मुलगी परत आली का गं?

*

विषय: रि: रि: रि: प्रेस नोट आणि पोस्ट

सगळं छान झालं, अभिनंदन. कमिटीच्या वतीने एक विनंती, स्पॉन्सरना दाखवायला एक आकडा हवाय. बातमी किती कॉलम सेंटिमीटर आली ते मोजून जाहिरातीच्या दराने गुणलं तर किमतीचा अंदाज देता येईल, शिवाय लाइक आणि व्ह्यूजची बेरीज. जमेल का?

*

विषय: रि: रि: रि: रि: प्रेस नोट आणि पोस्ट

काका, सुचवलेला मथळा आणि छपाईचा वार, दोन्ही वहीत लिहून घेतलं. फोटोचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नव्हता.

दादा, तो गुणाकार मी मनापासून नको म्हणते आहे. २०१० मध्ये बार्सिलोनाला या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन तत्त्वं ठरवली त्यात हे स्पष्ट आहे की जाहिरातीच्या दराने काढलेली रक्कम ही जनसंपर्काची किंमत नाही. आणि आपल्यापुरतंही बघा ना, मथळ्यात "मणक्यातून" होतं तेव्हाही कॉलम सेंटिमीटर तेवढेच भरले असते. त्यापेक्षा माझ्याकडे जे आहे ते देते. टेबलावरच्या रजिस्टरमध्ये मी "कुठून कळलं" असा रकाना ठेवला होता, एकच उत्तर येईल असं धरून तो अरुंद आखला होता, आणि लोकांनी त्यात दोन-दोन ओळी कोंबल्यात. "रील बघितलं, मग आईने पेपर दाखवला." "मावशीने लिंक पाठवली, मग इन्स्टावर वेळ बघितली." एका काकांनी "रेडिओ, आणि नातीने फोनवर दाखवलं" असं लिहिलंय. स्पॉन्सरना मी ही पानंच दाखवीन, नावं झाकून, आणि सोबत किती जणांनी काडी पूर्ण करून दिली तो आकडा. २०१४ च्या, डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायच्या मोहिमेने अमेरिकेत एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेला साडेअकरा कोटी डॉलर मिळवून दिले, ती आपण सगळे सोशल मीडियाची म्हणून ओळखतो, पण टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात बादली ओतली गेली तेव्हा ती घराघरात पोचली. त्याचे टीव्हीचे आणि फोनचे पैसे वेगळे कसे काढणार, आपल्या रजिस्टरमध्येही ते वेगळे निघत नाहीयेत.

मावशी, तुमचा मेल मी कितीदा तरी वाचला. ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार प्रकार मांडले, त्यातल्या चौथ्यात संस्थेनेही समोरच्याचं ऐकून स्वतःत बदल करायचा असतो. मी कमेंट वाचत होते म्हणून मला वाटलं मी ऐकतेय, पण ज्या खोलीत खरं बोलणं चाललं होतं तिथे मी नव्हते, तुम्ही होतात. डॉक्टरांशी बोलले, मिनिटभराचा मेसेज ते मराठीत देणार आहेत. मजकूर आधी तुम्हाला पाठवते, कुठे पुस्तकी वाटला तर सांगा.

ती मुलगी परत आली नाही. फॉर्मवर तिचा नंबर होता, पण तो तिने नोंदणीसाठी दिला होता, माझ्या पाठपुराव्यासाठी नाही, म्हणून मी फोन केला नाही आणि तो फॉर्म तिच्यादेखतच फाडला होता. मेसेज तयार झाला की तुमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी टाकाल का? तिची आई कदाचित तिथे असेल.