वेल्डिंग मशीनची मेन केबल उंदराने कुरतडली, जोड मारू की पूर्ण बदलू?

ग्रिलवाला_गुहागर
नमस्कार मंडळी. माझं 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन आहे. शेडमध्ये उंदराने मेन केबल कुरतडली, मशीनपासून वीतभर अंतरावर. तपकिरी वायर उघडी पडलीय, तांबं दिसतंय. पुढची केबल वरून तरी चांगली आहे. 1 जूनपासून मासेमारी बंद, वेलदूरला बोटी वर काढल्या की विंचच्या फ्रेमा, रेलिंग अशी कामं येतात, म्हणून घाई. दुकानात दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी जाडीची) तीन कोअर केबल मिळाली, लाल-काळी-हिरवी. 20 मीटर थेट मशीनलाच लावली तर एक्स्टेन्शनची कटकट जाईल. चालेल का? कुठली वायर कुठे? आणि ओल्या जमिनीवर उभा असताना बॉडीला हात लागला की मुंग्या येतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

मालवणी_वेल्डर
मी गेल्या वर्सापासून टेप मारूनच चलवतंय, काय एक जावक नाय.

वाइंडिंगवाला_रत्नागिरी
आधी मुंग्यांचं बोलतो, केबल नंतर. मशीन आजपासून बंद ठेव, अर्ध्या तासाचं काम असलं तरी.

मुंग्या येतात म्हणजे बॉडीला अर्थ पोचत नाही. इन्व्हर्टरमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. त्यातून येणारा किरकोळ करंट हिरव्या वायरने जमिनीत जायला हवा. वायर कुठे तुटली असेल तर तो तुझ्या अंगातून जातो. आज नुसत्या मुंग्या आहेत. उद्या ती उघडी तपकिरी वायर पत्र्याला टेकली तर 230 व्होल्ट बॉडीवर येतील, आणि परतीची वाटच नसल्याने एमसीबीसुद्धा पडणार नाही. त्या वेळी तू ओल्या जेटीवर असशील. मालवणच्या दादांनाही हेच हात जोडून सांगतो. टेप उन्हाळ्यात निभावतो, पण आपल्या खाऱ्या हवेत त्याचा डिंक सुटतो आणि पाऊस सुरू झाला की पाणी आत शिरतं.

जॉबला लावतो तो अर्थ क्लॅम्प वेगळा, बॉडीचा अर्थ वेगळा. क्लॅम्प लावलाय म्हणून बॉडी सुरक्षित झाली असं समजू नको.

आता केबल. वीतभरावरच कुरतडलीय, मग नवी कशाला? तिथून कापून टाक आणि उरलेली परत आत जोड. मात्र आधी टोकाचं आवरण बोटभर सोलून तारा बघ. लालसर चकाकत असतील तर ठीक. काळ्या पडल्या असतील, हिरवी भुकटी सुटत असेल तर अजून टीचभर काप, परत सोल. तिथेही काळंच निघालं तर सगळी केबल बाद. खारी ओल तारांच्या आतून सरकत जाते, वरून कळत नाही. अशा काळ्या तारेवर स्क्रू कितीही आवळ, जोड तापणारच.

उघडण्याआधी पिन सॉकेटमधून काढून समोर दिसेल अशी ठेव. आत मोठे कपॅसिटर असतात, त्यांच्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो. दहा मिनिटं थांब, मग मीटर लावून शून्य आलंय ते बघ, तोवर बोट घालू नको. जुनी जोडणी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढ.

नवी घ्यावी लागली तर लाल म्हणजे तपकिरी, फेज. काळी म्हणजे निळी, न्यूट्रल. हिरवी म्हणजे हिरवी-पिवळी, ती बॉडीच्या बोल्टला. या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा कर, वायरच्या टोकाला रिंगची थिंबल (धातूची कडी) दाबून क्रिम्प कर, दातेरी वॉशर घालून आवळ. टोकांना कथील पाजून स्क्रूखाली धरू नको, कथील दबत जातं आणि स्क्रू ढिला पडतो. हिरवी वायर आतमध्ये बाकी दोघींपेक्षा लांब सोड. केबल ओढली गेलीच तर आधी फेज सुटावी, अर्थ सर्वांत शेवटी. आणि मागची ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली पकड, नीट आवळ, केबलचा ताण तिने घ्यायचा, स्क्रूंनी नाही.

दीडची केबल मात्र परत कर. 10 नंबरच्या रॉडला 110 अँपिअरवर मशीन लाइनमधून साधारण 20 अँपिअर ओढतं. 20 मीटर दीडच्या केबलमध्ये त्यावर दहा-अकरा व्होल्ट पडतात, चारच्या केबलमध्ये चार. संध्याकाळी गावात आधीच व्होल्टेज पडलेलं असतं, त्यात मशीन जास्त करंट ओढतं आणि केबल आणखी तापते. मशीनची स्वतःची केबल आखूडच राहू दे. जेटीसाठी चार स्क्वेअरचं वेगळं एक्स्टेन्शन कर, शक्यतो रबरी आवरणाचं, त्याला 32 अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग. काम करताना रीळ पूर्ण उलगड, गुंडाळी तशीच ठेवलीस तर आत वितळते. घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघ, आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे.

ग्रिलवाला_गुहागर
काका, उघडलं. दुसऱ्यांदा कापल्यावर चकचकीत तांबं लागलं, तीच केबल बसवली. मुंग्यांचं कारण मात्र प्लगमध्ये निघालं, अर्थच्या मोठ्या पिनेला वायरच नव्हती, हिरवी कापून आत दुमडलेली. आता पिनेपासून बॉडीपर्यंत मीटरवर 0.3 ओहम येतो. हे पुरेसं आहे ना?

वाइंडिंगवाला_रत्नागिरी
मशीनच्या बाजूने पुरेसं आहे, छान काम केलंस. आता सॉकेटचा अर्थ. आपल्या जांभ्यात अर्थिंग धड लागत नाही, आणि नुसत्या मीटरवर कमजोर अर्थसुद्धा 230 दाखवतो. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा साधा, तारेचा बल्ब (एलईडी नाही) लावून बघायला सांग. मिणमिणला तर अर्थ बाद. लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल, ते बरोबरच आहे. नसेल तर तो बसवल्याशिवाय जेटीवर मशीन नेऊ नको.

देवगड_बोटवाला
आमचं जुनं ऑइल कूल्ड ट्रान्सफॉर्मर मशीन दोन फेजवर चालतं. त्यालाही हीच पद्धत का?

वाइंडिंगवाला_रत्नागिरी
नाही दादा. तिथे दोन फेजमध्ये 415 व्होल्ट आहेत, न्यूट्रल नाही, वरचे रंग तिथे लागू होत नाहीत. केबल किती जाड ते मशीनच्या प्लेटवरचा इनपुट करंट बघून ठरतं. प्लेटचा फोटो इथे टाका, बघून सांगतो. तोवर उघडू नका.