मामांच्या जुन्या स्टील फ्रेमवर रोड बाईक बांधतोय. मागचं अंतर १२६, पन्हाळ्यासाठी गिअर काय ठेवू?

उद्यमनगर_टर्नर

नमस्कार मंडळी. मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. गेल्या महिन्यात मामांच्या माळ्यावरून त्यांची रेसिंग सायकल खाली काढली. मामा आता नाहीत. चाकं गेलीत, चेन गंजून काठीसारखी ताठ झालीय, पण फ्रेम शाबूत आहे. स्टीलची, सांध्यांना लग (नळ्या जोडणारे बाह्य तुकडे) लावून ब्रेझिंग केलेली, खालच्या नळीवर गिअरच्या दोन दांड्या. तीनदा रंग दिलाय, त्यामुळे कंपनीचं नाव दिसत नाही.

नवी घ्यायचा सल्ला कृपया देऊ नका. मला हीच चालवायची आहे.

कारखान्यात बसून नीट मापं घेतली. मागचं एक्सल बसतं तिथं आतून आतलं अंतर १२६ मिमी. बीबी, म्हणजे क्रँकचा धुरा फिरतो ती बेअरिंग, तिच्या शेलची रुंदी ६८ मिमी. कप काढून बघितला तर बाहेरचा व्यास ३४.८, पिच गेजवर इंचाला २४ आटे, उजव्या कपाला डावे आटे. जुनी क्रँक ५२/४२ दातांची, मागं १४ ते २४ दातांचं फ्रीव्हील. सीटची नळी ५४ सेंमी, माझी उंची ५ फूट ७.

आई सांगते, मामा ह्याच गिअरवर पन्हाळा चढायचे. मी मित्राच्या सायकलवर गेलो होतो, तर वाघबीळच्या पुढं दोनदा उतरावं लागलं. १२६ मध्ये आजचं चाक बसवता येईल का? आणि गिअर काय ठेवू?

बावड्याचा_सायकलवाला

भावा, मापं बघूनच बरं वाटलं. निम्मे लोक फोटो टाकून "बसेल का?" विचारतात.

आधी बीबी. ६८ चं शेल आणि १.३७ इंचाला २४ आटे म्हणजे ब्रिटिश माप, आजही सगळीकडे मिळणारं. इटालियन असतं तर शेल ७० चं, कप ३६ चा आणि दोन्हीकडं उजवे आटे. एवढं लक्षात ठेव की उजवा कप घड्याळाच्या उलट्या दिशेनं आवळायचा. माझ्या पहिल्या फ्रेमला एका दुकानात तो सुलटा फिरवून, वर पाईप लावून जोर मारला. आटे गेले आणि चांगली फ्रेम वाया गेली. त्या दिवसापासून बीबी मी स्वतःच बसवतो. तुझ्या हातात तर आट्यांचंच काम आहे, दुसऱ्याला देऊच नकोस.

आता १२६. रिम ब्रेकच्या रोड बाईकचं आजचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३० चं असतं, म्हणजे दोन्हीकडं २-२ मिमी हवेत. स्टील असल्यामुळे वाकवता येतं. ॲल्युमिनियमला हे कधीही करू नये, तडा जातो. एकेक बाजू वेगळी ओढ, स्टील परत मागं येतं, त्यामुळे थोडं थोडं करत जा. मग मागचं एक्सल बसतं त्या एका खाचेतून दोरा पुढं नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घाल आणि दुसऱ्या खाचेत आणून ताण. सीटच्या नळीपासून दोन्हीकडं दोरा सारख्या अंतरावर आला पाहिजे. फरक निघाला तर चाक तिरकं चालणार.

अंतर जमलं तरी खाचा समांतर राहात नाहीत, हे बरेचजण विसरतात आणि मग एक्सल मोडतात. लेथवर दोन सारख्या चकत्या वळव, बोल्टानं दोन्ही खाचांत घट्ट बसव आणि समोरासमोर आण. मधली फट सगळीकडं सारखी दिसेपर्यंत सरळ करत राहा.

गिअरचं गणित मांडून दाखवतो. ७०० गुणिले २८ च्या (२८ मिमी रुंद) टायरचा घेर साधारण २.१४ मीटर. मामांचा सगळ्यात हलका गिअर ४२/२४, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेचार मीटर जाणार. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर चढावर ताशी साडेतेरा किलोमीटरचा वेग हवा. तुझ्या मामांच्या पायात ती ताकद होती, त्यांना माझा नमस्कार. ५०/३४ ची कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागं ३२ दात घेतलेस तर एका फेरीत सव्वादोन मीटर, त्याच ६० फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटर. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा साडेनऊशेच्या वर, आणि त्यातला बराच चढ वाघबीळनंतर. तिथं गुडघा वाचवायचा असेल तर ३२ च घे. आठ गिअरचं शिमानो क्लॅरिस पुरेसं आहे, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढा लांब केजचा माग. पैसे उरले तर चाकांवर घाल.

राजारामपुरीची_सायकलस्वार

दादा, सीटच्या नळीचं माप सांगितलंत, पण वरच्या नळीची लांबी? हात किती लांब पडतात ते तिच्यावर ठरतं. मी उंचीवरून फ्रेम घेतली आणि गगनबावड्याला जाऊन येईपर्यंत दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या. शेवटी २ सेंमी आखूड स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावला तेव्हा बरं वाटलं. तुमचा स्टेम जुन्या पद्धतीचा, नळीच्या आत जाणारा असणार. त्याला २२.२ मिमीचा अडॅप्टर मिळतो, मग आजचे स्टेम बदलून बघता येतात.

आणि टायर २८ चेच घ्या. गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांतून पडलेला ऊस आणि पाला रस्त्यावर असतो, २५ चं टायर त्यावरून घसरतं.

शिरोली_एमआयडीसी

पावडर कोटिंग करणार असशील तर आटे आणि हेडसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) कप बसतात त्या जागा झाकायला सांग. भट्टी २०० अंशांच्या आसपास असते, ब्रेझिंगला काही होत नाही. कोटिंग झालं की नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळीकडून फिरव आणि दोन दिवस उलटी टांग. आपल्या पावसात स्टील आतून गंजतं, बाहेरून कळतही नाही. सीटपोस्टला ग्रीस लावायला विसरू नकोस.

उद्यमनगर_टर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितोय.

अंतर १३० झालं, पण पहिल्यांदा डावी बाजू जास्त ओढली गेली. दोऱ्यावर ३ मिमीचा फरक निघाला. दोन संध्याकाळी घालवून तो अर्ध्या मिमीच्या आत आणला. चकत्या वळवल्या, खाचा खरंच तिरक्या झाल्या होत्या. वरची नळी ५५ निघाली, म्हणून ताईंचं ऐकून ९० मिमीचा स्टेम लावला.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. फ्रेम २७ इंची चाकांची होती. ती रिम ६३० ची, ७०० ची ६२२, म्हणजे ब्रेकचे पॅड ४ मिमी खाली यायला हवेत. नेहमीचे ब्रेक पुरले नाहीत, ४७ ते ५७ मिमी पोचणारे मागवले.

रंग मामांचाच ठेवलाय, आकाशी. तीन थरांच्या खाली पहिला तोच निघाला.

काल वाघबीळपर्यंत जाऊन आलो. रविवारी पहाटे साडेपाचला शिवाजी पुलापासून पन्हाळ्याला निघणार आहे. बावड्याचे दादा, येणार का?

बावड्याचा_सायकलवाला

येतो. पुलाच्या अलीकडं थांब, आणि चकत्या घेऊन ये, मला बघायच्यात.