मदत हवी आहे: रोजच्या दोन तासांत थोडा थरार कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

अंधेरी पश्चिमेला राहते, वय ४६. घरून काम, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा बारावीला. तक्रार करावी असं काही नाही, पण वर्षभर सगळं सपाट झालंय. मी तोंड उघडायच्या आत भाजीवाला अर्धा किलो भेंडी काट्यावर टाकतो आणि मला तीच हवी असते. परवा हे लक्षात आलं आणि रस्त्यातच डोळे भरून आले.

समुपदेशक ताईंकडे जातेय. गोळ्यांची गरज नाही, चाकोरीत थोडं अनोळखी काही आणा, म्हणाल्या. ते काय, हे मात्र माझ्यावरच सोडलंय!

सासूबाईंजवळ बसायला दुपारी चार ते सहा या वेळात मावशी येतात, तेवढाच वेळ माझा. रविवारी तोही नाही. तेव्हा हरिश्चंद्रगड, लडाख, स्कूबा कृपया सुचवू नये (त्यासाठी नातेवाइकांचा ग्रुप समर्थ आहे). योगा आणि मंडला करून झाले. घरबसल्या छंद नकोय. पुढच्या वळणावर काय आहे ते ठाऊक नसावं, पोटात जरा गोळा यावा, एवढंच. गुडघे ठीक आहेत, पोहता येत नाही, खर्च शे-दोनशेच्या आत.

आणि एकटी बाई कुठे उगाच उभी राहिली की लोक बघतात. मग मी फोनवर बोलल्याचं नाटक करते. त्यावरही उपाय सांगा.

पायपीट: ताई, गिल्बर्ट हिल तुमच्या दारात आहे, चढलात का कधी? इमारतींच्या गराड्यात काळ्या बेसॉल्टचा सरळसोट सुळका, सुमारे ६१ मीटर उंच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो. कातळातल्या पायऱ्यांनी वर गेलं की गावदेवीचं देऊळ. देवळात निघालेल्या बाईला 'इथे कशाला' असं कोणी विचारत नाही, म्हणजे तुमचा दुसरा प्रश्नही सुटला.

खारा वारा: वर्सोव्याहून बोटीने मढला जा. खाडी ओलांडायला मोजून काही मिनिटं लागतात. माणसांबरोबर स्कूटरीही बोटीत चढवतात, ते बघतानाच जीव टांगणीला लागतो. पोहता येत नाही म्हणता, म्हणजे पोटातल्या गोळ्याची सोय झालीच :) पलीकडे नकाशा न उघडता कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून चाला. हंगामात बांबूंवर बोंबील वाळत असतात, वासाची तयारी ठेवा. पावसाळ्यात मात्र बोट चालू आहे का ते आधी विचारा.

मनकवडी: दोन्ही बेत झकास. एक आगाऊ सल्ला देते. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे सलग टिकलं, झोप-भूक बिघडली, तर भटकंतीवर भागवू नका, ताईंना तसं स्पष्ट सांगा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. झोप ठीक आहे, पण ताईंशी बोलेन. वीस वर्षं इथे राहून गिल्बर्ट हिल फक्त रिक्षावाल्याला खूण म्हणून सांगत आले! उद्याच जाते. पायपीट, चारच्या उन्हात पायऱ्या तापतात का हो? आणि चपला वर कुठे काढायच्या?